फेनबेंडाझोलचे चूर्ण दहा महिने वापरल्यानंतर: लहान वराहपालनातला अनुभव

माझ्याकडे चार डुकरिणी, एक नर आणि त्यांची वाढती पिल्ले मिळून तीस-पस्तीस जनावरे असतात. गेले दहा महिने मी त्यांना 4 टक्के फेनबेंडाझोल असलेले चूर्ण खाद्यातून देत आहे. जंतनाशकाविषयी एका फेरीनंतर मत देण्यात अर्थ नाही, कारण डुकरांतल्या मोठ्या गोल जंताचे अंडे पोटात गेल्यापासून तो जंत पूर्ण वाढून स्वतः अंडी घालू लागेपर्यंत सहा ते आठ आठवडे जातात. औषध दिल्यावर आठवडाभरात जनावर तरतरीत दिसले, तरी पुढचा जंत वाटेवर असू शकतो. म्हणून चार फेऱ्या पूर्ण होईपर्यंत मी लिहायचे टाळले.

त्याआधी दोन वर्षे मी आयव्हरमेक्टिनचे इंजेक्शन वापरत होतो. उवा आणि खरूज यांवर त्याचा गुण उत्तम आला आणि ते मी पूर्णपणे सोडलेले नाही. मात्र तीन-चार महिन्यांच्या डुकरांची हगवण त्याने थांबेना. विष्ठा पातळ, बुळबुळीत आणि मधूनमधून रक्ताचे धागे असलेली असे. खाणे बरे असूनही पाठीची हाडे दिसू लागली होती. पशुवैद्यकांनी विष्ठा तपासून मला सूक्ष्मदर्शकातून दाखवली. तपकिरी, जाड आणि खडबडीत कवचाची अंडी गोल जंताची होती. त्यांच्याशेजारी दुसरी अंडी होती, अगदी लिंबाच्या आकाराची, दोन्ही टोकांना पारदर्शक बूच बसवल्यासारखी. ती चाबकासारख्या जंताची. हा जंत आपले बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात रोवून राहतो आणि त्याच्यावर आयव्हरमेक्टिनचा परिणाम खात्रीचा नसतो. औषध बदलण्याचे कारण एवढेच होते.

त्या दिवसानंतर मी एक जुना सूक्ष्मदर्शक आणि मॅकमास्टरची काचपट्टी मिळवली, आणि या दहा महिन्यांतली सर्वांत उपयोगी खरेदी तीच ठरली. चार ग्रॅम विष्ठा 56 मिलिलिटर मिठाच्या संपृक्त द्रावणात कालवून गाळायची, काचपट्टीच्या दोन्ही कप्प्यांत भरायची, अंडी वर तरंगेपर्यंत काही मिनिटे थांबायचे आणि चौकटींतली अंडी मोजून बेरजेला 50 ने गुणायचे. आलेला आकडा म्हणजे एका ग्रॅममधली अंडी. एक सावधगिरी मात्र ठेवावी. डुकरे सतत जमीन उकरतात आणि एकमेकांची विष्ठाही खातात, त्यामुळे गिळलेली अंडी तशीच आतड्यातून बाहेर पडतात. गोल जंताची शंभर-दीडशे अंडी दिसली म्हणजे पोटात जंत आहेच, असे समजू नये.

मात्रा ठरवताना वजनाचा अंदाज नजरेने घेणे मी बंद केले आहे. पुढच्या पायांमागून छातीचा घेर आणि दोन कानांच्या मधून शेपटीच्या बुडापर्यंतची लांबी मीटरमध्ये मोजतो. घेराचा वर्ग गुणिले लांबी गुणिले 69.3 केले की किलोमध्ये वजन जवळपास बरोबर येते. मला सांगितलेली मात्रा दर किलो वजनाला रोज 3 मिलिग्रॅम, सलग तीन दिवस, अशी होती. म्हणजे 60 किलोच्या डुकराला या चूर्णाचे रोज साडेचार ग्रॅम. चूर्णातले प्रमाण आणि वेष्टनावरच्या सूचना उत्पादनागणिक बदलतात, त्यामुळे हाच आकडा कोणी तसाच उचलू नये.

पहिल्या फेरीच्या तिसऱ्या दिवशी सकाळी विष्ठेत वीतभर लांबीचे, पेन्सिलीपेक्षा जरा बारीक, फिकट गुलाबी जंत पडलेले दिसले. एका डुकराच्या विष्ठेत मी अकरा मोजले. चौदा दिवसांनी त्या गटाची पुन्हा तपासणी केली, तेव्हा बहुतेकांचा आकडा शून्यावर आला होता; मात्र एका अशक्त मादीच्या विष्ठेत चाबूक-जंताची अंडी जवळजवळ पूर्वीइतकीच होती. औषधाला जंत दाद देत नाहीत की काय, ही शंका मनात आली आणि मी फार अस्वस्थ झालो. पुढच्या वेळी खाद्य टाकल्यावर बाजूला उभा राहून पाहिले, तेव्हा उलगडा झाला: दोन दांडगी डुकरे तिला कुंडाजवळ येऊच देत नव्हती. चूक सर्वस्वी माझी होती. आता या तीन दिवसांत मी डुकरे आकारमानाप्रमाणे वेगळी करतो, आदल्या संध्याकाळचे खाद्य थोडे कमी देतो आणि चूर्ण ओल्या भरड्यात कालवतो, कारण कोरड्या खाद्यात ते तळाशी जाऊन बसते. त्या मादीला वेगळे ठेवून औषध दिले आणि पुढच्या तपासणीत तिचा आकडाही शून्य आला.

औषधाच्या हाती नसलेली गोष्ट म्हणजे जमीन. गोल जंताची एक मादी दिवसाला लाखो अंडी घालते, त्यांचे कवच चिकट असते आणि ती मातीत अनेक वर्षे जिवंत राहतात. नेहमीच्या जंतुनाशकांनी ती मरत नाहीत. मरतात ती उष्णतेने आणि कोरडेपणाने. दुसऱ्या फेरीनंतर मी एक गट सिमेंटच्या कप्प्यात ठेवला, जो आधी खरवडून, साबणाने धुऊन, उकळत्या पाण्याने भिजवून आणि उन्हात पूर्ण वाळवून घेतला होता. दुसरा गट जुन्या मातीच्या आवारातच राहिला. औषध तेच, मात्रा तीच, दिवसही तेच. नऊ आठवड्यांनी सिमेंटवरच्या गटात अंडी जवळजवळ नव्हती आणि मातीवरच्या गटाचा आकडा पुन्हा हजाराच्या वर गेला होता. बाहेर पडलेले अंडे लगेच संसर्ग करू शकत नाही. त्याच्या आत अळी तयार व्हायला ऊब आणि ओल मिळूनही काही आठवडे लागतात, आणि रोज विष्ठा उचलण्याचा खरा फायदा यातच आहे. उचललेली विष्ठा ढिगात कुजवताना ढीग वरखाली करावा लागतो, कारण आतला भाग तापतो पण कडेची अंडी तशीच राहतात.

कत्तलीनंतरची यकृते मी आवर्जून पाहिली. गोल जंताच्या अळ्या यकृतातून फुफ्फुसाकडे जाताना तिथे दुधाच्या थेंबांसारखे पांढरे डाग सोडतात. नवा संसर्ग झाला नाही, तर हे डाग साधारण पाच-सहा आठवड्यांत पुसट होतात. म्हणून यकृत शेवटच्या महिना-दीड महिन्याची हकिकत सांगते. सिमेंटवरच्या गटातल्या चारपैकी तीन यकृते स्वच्छ निघाली, मातीवरच्या गटातले एकही नाही. त्या गटात कोवळ्या वयात ढास आणि धाप का दिसे, हेही तेव्हा नीट समजले.

डुकरिणींना मी विण्यापूर्वी दहा दिवस औषध देतो आणि विण्याच्या कप्प्यात नेण्याआधी कोमट पाण्याने व साबणाने अंग, विशेषतः सड आणि पोटाखालचा भाग, घासून धुतो. पिल्लांच्या तोंडात पहिली अंडी आईच्या अंगावरूनच जातात. गाभण डुकरिणींना या औषधाचा काहीही त्रास झाला नाही.

उणिवाही सांगायला हव्यात. उवा आणि खरजेवर याचा काहीच उपयोग नाही. आजारी जनावर खात नसेल, तर औषधही पोटात जात नाही, आणि तिथे इंजेक्शनच बरे. या मात्रेत मांसातल्या पट्टकृमीच्या गाठींवर भिस्त ठेवता येत नाही. त्यासाठी माणसांची शौचालये बंदिस्त असणे आणि डुकरे मोकाट न सोडणे आवश्यक आहे. विक्रीपूर्वी वेष्टनावर दिलेला थांबण्याचा कालावधी पाळावा लागतो, म्हणून मी प्रत्येक गटाची औषधाची तारीख दारावरच्या फळ्यावर लिहून ठेवतो.

ठरावीक तारखेला सगळ्यांना औषध देण्याचे मी आता थांबवले आहे. विण्यापूर्वीची मात्रा आणि दूध तोडल्यानंतरच्या पिल्लांची मात्रा चुकवत नाही; बाकीच्यांची दर सहा आठवड्यांनी विष्ठा मोजतो आणि आकड्यावरून ठरवतो. चूर्ण पूर्वीपेक्षा कमी लागते. मातीच्या आवाराला कुंपण घालून तिथे चारा पेरला आहे, आणि पुढची काही वर्षे तिथे डुकरे सोडणार नाही.