दिल्ली पासिंगची जुनी गाडी आणावी की महाराष्ट्रातलीच घ्यावी?

कोकण, सह्याद्री, जमलं तर लडाख अशा भटकंतीसाठी जुनी डिझेल एसयूव्ही शोधायला घेतली की हा पेच पडतोच. तेच मॉडेल, तेच वर्ष, आणि पुण्यापेक्षा दिल्लीत भाव बराच खाली. महागड्या गाडीत हा फरक काही लाखांपर्यंत जातो. मोह होणं साहजिक आहे. पण हा फरक पूर्ण आपल्या खिशात राहत नाही. किती राहतो ते आधी कागदावर मांडा, मगच दिल्लीचं तिकीट काढा.

तिथे गाड्या स्वस्त का, हे समजलं तर भाव करायलाही सोपं जातं. 2015 मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना बंदी घातली आणि 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 10 वर्षांवरची डिझेल, 15 वर्षांवरची पेट्रोल ही मर्यादा कायम धरली. 2025 मध्ये हा विषय पुन्हा न्यायालयात गेला, तेव्हा आजची स्थिती पाहूनच बोलणी करा. आठ वर्षांची डिझेल गाडी तिथल्या मालकाला काढून टाकायची घाई असते. आपल्याकडे मात्र नोंदणी 15 वर्षांची असते आणि पुढे तपासणी करून वाढवताही येते.

दुसरं कारण रोड टॅक्स, आणि खरी गोम इथेच आहे. दिल्लीत 10 लाखांवरच्या खासगी पेट्रोल गाडीला 10 टक्के आणि डिझेलला 12.5 टक्के कर लागतो. महाराष्ट्रात गाडीच्या किमतीनुसार डिझेलचे टप्पे 13, 14 आणि 15 टक्क्यांचे आहेत, पेट्रोलचे 11, 12 आणि 13. बाहेरची गाडी इथे आणून नंबर घ्यायचा तर महाराष्ट्राचा कर नव्याने भरावा लागतो. गाडीच्या वयाप्रमाणे तो कमी होतो. पण तुम्ही गाडी सात लाखांना घेतली म्हणून हिशेब सात लाखांवर होत नाही, तो मूळ किमतीवरून होतो. मूळ किंमत 22 लाख असेल तर नव्या गाडीचा 15 टक्क्यांनी कर होतो 3 लाख 30 हजार, आणि वयानुसार त्यातला जो हिस्सा ठरेल तो तुमचा. म्हणून मूळ खरेदीच्या बिलाची प्रत विकणाऱ्याकडून मागून घ्या आणि आकडा आपल्या आरटीओतूनच काढून घ्या. दलालाने तोंडी सांगितलेल्या रकमेवर सौदा करू नका. दिल्लीत भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागता येतो हे खरं, पण त्यासाठी आधी इथली नोंदणी पुरी व्हावी लागते आणि पाठपुरावाही करावा लागतो. माझं मत विचाराल तर ते पैसे हिशेबात धरूच नका.

इथली गाडी घेतली तर यातलं काहीच नाही. नागपूरची गाडी पुण्यात आली तरी नंबर तोच राहतो, कर पुन्हा भरावा लागत नाही. मालकी बदलाचे फॉर्म 29 आणि 30 भरले, कर्जाचा बोजा असेल तर तो उतरवला, की गाडी नावावर.

दिल्लीच्या गाडीला आधी तिथल्या आरटीओची एनओसी, म्हणजे ना हरकत प्रमाणपत्र लागतं, फॉर्म 28 वरचं. त्यावर चेसिस नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा असतो. तो गाडीवरच्या नंबरशी अक्षर-अक्षर जुळवून पाहा. थकलेली चलनं आणि बँकेचा बोजा आधीच निकालात निघालेला हवा. मग इथे नव्या नंबरासाठी फॉर्म 27, कर, आणि आरटीओत प्रत्यक्ष गाडी दाखवणं. एनओसी हातात येईपर्यंत टोकनपलीकडे रक्कम देऊ नये, असं मी ठामपणे सांगेन. एनओसी अडली तर गाडी दारात उभी आणि कागद दिल्लीत, अशी गत होते.

‘वर्षभर दिल्लीच्या नंबरवर बिनधास्त चालवा’ हे दलालांचं आवडतं वाक्य अर्धंच खरं आहे. मोटार वाहन कायद्यात 12 महिन्यांची मुदत आहे ती गाडी दुसऱ्या राज्यात ठेवून नवा नंबर घेण्यासाठी. गाडी विकत घेणाऱ्याने मात्र 30 दिवसांत आपल्या आरटीओला हस्तांतर कळवायचं असतं. विकणाऱ्यालाही यात घाई असायला हवी, कारण अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी नोंदणीत ज्याचं नाव त्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये स्पष्ट केलं आहे.

गाडीच्या तब्येतीत दिल्लीचं पारडं जड. मुंबई आणि कोकणातल्या गाड्यांना खारी हवा आणि चार महिन्यांचा पाऊस खातो. दाराच्या खालच्या कडा, चाकावरचा पत्रा, खालची चासी टॉर्च मारून पाहिली की गंज दिसतो. दिल्लीच्या कोरड्या हवेत हा त्रास पुष्कळ कमी. पण पाणी तिथेही शिरतं, 2023 च्या जुलैत यमुनेचा पूर शहरात आला होता. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहा. बुडालेल्या गाडीत पट्ट्याच्या गुंडाळलेल्या भागावर गढूळ पाण्याची रेघ उरते, सीटखालच्या रुळांत वाळलेला गाळ सापडतो. गाडी कितीही चकाचक धुतली असली तरी या जागा सहसा सुटतात.

आत बिछाना-ओटा बसवलेली कॅम्पर बाहेरून आणायचा विचार असेल तर आरसीवर, म्हणजे नोंदणी प्रमाणपत्रावर, काय लिहिलंय ते आधी वाचा. बदल आरसीवर चढलेला नसेल तर मोटार वाहन कायद्यातलं गाडीतल्या बदलांबद्दलचं कलम 52 आडवं येतं, इथल्या तपासणीत गाडी अडू शकते. अशी गाडी मी परराज्यातून घेणार नाही.

आठ-दहा लाखांच्या आतली घरगुती गाडी हवी असेल तर महाराष्ट्रातलीच घ्या, दिल्लीतला फायदा कर, एजंट आणि 1,400 किलोमीटरच्या प्रवासात विरून जातो. फोर बाय फोरसारखी (चारही चाकांना ताकद मिळणारी) विशिष्ट, महागडी गाडी हवी असेल, इथे ती मनासारखी मिळत नसेल आणि विकणारा एनओसीपर्यंत थांबायला तयार असेल, तर दिल्लीला जरूर जा. येताना गाडी स्वतः चालवत आणणार असाल तर विमा आपल्या नावावर करायला 14 दिवसांच्या आत अर्ज टाका. थर्ड पार्टीचं, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीचं संरक्षण गाडीसोबत येतं, स्वतःच्या नुकसानीचं आपोआप येत नाही, आणि आधीच्या मालकाचा नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) त्याचा त्याच्याकडेच राहतो.