घोड्याच्या पायाला काय बांधायचं: पट्टी, पोलो, बूट की काहीच नको?

येवल्याच्या बाजारातून किंवा सारंगखेड्याच्या यात्रेतून घोडा आणला, नाशिकला मखमलाबादकडे नाहीतर गंगापूर रोडला मळ्यात पागा उभी केली, की खोगीर-लगामाच्या पाठोपाठ हा प्रश्न येतोच. विकणाऱ्याने चारही पायांना रंगीत पट्ट्या बांधून घोडा फिरवून दाखवलेला असतो. रुबाबदार दिसतो, आणि घेणाऱ्याला वाटतं की घोडा म्हटला की पट्ट्या आल्याच. तसं काही नाही. मळ्यातल्या मातीच्या रस्त्यावर चालीने आणि दुडकीने फिरणाऱ्या, पाय सरळ टाकणाऱ्या घोड्याला बहुतेक दिवस काहीही बांधायची गरज नसते. (बाजारात असाल तर मात्र पट्ट्या सोडायला लावा आणि चारही पाय हाताने चाचपून बघा. सूज आणि जुने व्रण पट्टीखाली मस्त लपतात.)

पट्टी चुकली तर बिघडतं काय, हे आधी समजून घ्या, म्हणजे पुढची तुलना सोपी जाईल. घोड्याच्या गुडघ्याखाली मांसल स्नायू नसतात. नळीचं हाड, त्याच्या मागे लिगामेंट आणि दोन कंडरा, ज्यांना आपले घोडेवाले सरसकट ‘नस’ म्हणतात, आणि वरून कातडी. दाब झेलायला मधे काहीच नाही. पट्टीचा एक फेरा जास्त आवळला गेला, की तो दाब थेट कंडरेवर. तसाच रात्रभर राहिला तर कंडरा सुजते आणि पायाची मागची सरळ रेषा फुगीर दिसू लागते. अशी इजा भरून यायला महिने जातात. म्हणून वाईट बांधलेल्या पट्टीपेक्षा उघडा पाय केव्हाही परवडला.

कामाच्या वेळी: पोलो की बूट

पोलो म्हणजे फ्लीसची, म्हणजे लोकरीसारख्या मऊ कापडाची लांब पट्टी, साधारण पावणेतीन मीटरची. खाली गादी नसते. कापड मऊ, पायाच्या घडणीप्रमाणे बसतं, बारीक पायाच्या मारवाडी-काठियावाडी घोड्यालाही मापाची अडचण येत नाही. दिसायला तर सुंदरच. पण चारही पायांचा ताण सारखा ठेवायला हात बसलेला लागतो. सैल बांधली तर दुडकीत सुटते आणि घोडा तिच्यातच अडखळतो. घट्ट बांधली तर वर सांगितलं तेच. त्यात आपल्याकडची माळरानं! गोखरू आणि कुसळं फ्लीसला अशी चिकटतात की परत आल्यावर अर्धा तास तीच वेचत बसा. पावसाळ्यात तर पोलोचा विचारही नको. ओली झाली की जड होते, घसरते, आणि चिखलाचं पाणी कातडीला धरून ठेवते.

बुटांचं उलट आहे. इथला बूट म्हणजे खुराचा जोडा नव्हे, नळीभोवती पट्ट्यांनी बसवायचं कवच. निओप्रीनचा, म्हणजे रबरासारख्या मऊ कापडाचा साधा ब्रशिंग बूट मिनिटभरात चढतो, नळाखाली धुतला की संपलं. चालताना एका पायाचा खूर दुसऱ्या पायाला लागत असेल तर आतल्या बाजूचं जाड अस्तर तो फटका घेतं. मागचा खूर पुढच्या टाचेला लागणाऱ्या घोड्याला मात्र या बुटाचा उपयोग नाही. त्याला खुराभोवती बसणारा घंटेसारखा ओव्हररीच बूट लागतो. बुटाचे तोटे दोन. एक म्हणजे माप. मोठ्या विलायती घोड्यांच्या मापाचा बूट आपल्या देशी घोड्याच्या पायावर गोल फिरतो. दुसरा, काळ्या मातीचे खडे आणि वाळू आत शिरून कातडी सोलते. बुटाचे पट्टे नेहमी पायाच्या बाहेरच्या बाजूला आणि त्यांची टोकं शेपटीकडे, ही खूण लक्षात ठेवा म्हणजे डावा-उजवा बदलत नाही.

‘पट्टीने पायाला आधार मिळतो’ हे वाक्य तुम्हाला दर दुसरा माणूस ऐकवेल. माझा त्यावर विश्वास नाही. तीन-चारशे किलोचा घोडा स्वारासकट भरधाव सुटतो, तेव्हा फेटलॉकचा सांधा, म्हणजे नळीच्या खालचा घोटा, जमिनीकडे लवतो. ते वजन कापडाच्या चार फेऱ्यांनी तोललं जात नाही. पट्टी किंवा बूट खरचटण्यापासून आणि फटक्यापासून वाचवतात, एवढंच. शिवाय दोन्हींनी पाय तापतो. भरधाव धावताना कंडरेच्या गाभ्याचं तापमान ४५ अंशांपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. एप्रिल-मे मध्ये नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्यावर आणखी आवरण कशाला? कारण असेल तरच बांधा आणि काम संपल्याबरोबर काढून पायांवर गार पाणी सोडा.

मी निवड करायची झाली तर बूट. पट्टी बांधणारा अनुभवी मोतद्दार पागेत असेल, आणि रिंगणात, कोरड्या मातीत काम असेल, तरच पोलो.

आरामाच्या वेळी: तबेल्याची पट्टी

इथे बूट बादच. ते रात्रभर ठेवायची वस्तू नाही. दिवसभर उभं राहून पाय भरत, म्हणजे खाली सुजत असतील, किंवा डॉक्टरांनी सूज उतरवायला सांगितलं असेल, तर गादी आणि तिच्यावर पट्टी हा एकच मार्ग. गादी साधारण इंचभर जाड हवी. तयार रजईसारखी मिळते ती उत्तम, कारण धुऊन पुन्हा वापरता येते. मेडिकलमधला कापसाचा रोल आणि १५ सेंटिमीटरची क्रेप पट्टी ही जोडी स्वस्त पडते. पण कापूस दबून गुठळ्या होतात, आणि गुठळी म्हणजे पुन्हा एका जागी दाब. क्रेप ताणली जाते तेवढी आवळतेही, म्हणून ती नुसत्या कातडीवर कधीच नको.

बांधायची रीत अशी. पाय धुतलेला असेल तर पूर्ण कोरडा करा, केसांतली माती काढा. पायाशी उकिडवे बसा, गुडघे टेकून बसू नका. घोडा दचकला तर उठायला वेळ मिळाला पाहिजे. गादी सुरकुती न पाडता गुंडाळा. पट्टी आतल्या बाजूने सुरू करून नळीच्या पुढून बाहेर, मग मागून कंडरांवरून आत, अशी फिरवा. म्हणजे वरून पाहिलं तर डाव्या पायाला घड्याळाच्या उलट आणि उजव्याला घड्याळाप्रमाणे. ओढ द्यायची ती पुढे, हाडावर. मागे कंडरेवर कधीच नाही. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला निम्मा झाकत जातो. वर आणि खाली गादी बोटभर बाहेर दिसली पाहिजे, पट्टीची कड कातडीला लागता कामा नये. शेवट बाहेरच्या बाजूला बसवा. वरच्या तोंडाशी एक बोट सहज आत गेलं पाहिजे. जात नसेल तर सोडून पुन्हा बांधा.

दुखरा पाय एक असला तरी पट्टी जोडीच्या पायालाही हवी, कारण सगळा भार तो उचलतो. बारा तासांनी सोडा, हात फिरवून पाय बघा, मग पुन्हा बांधा. पट्टीखाली झोंबणारा मलम किंवा स्पिरिटचा लेप लावायची सवय काही जुन्या लोकांना असते. झाकलेल्या कातडीवर त्याने फोड येतात, तेव्हा नम्रपणे नाही म्हणा. नुसते पाय भरणाऱ्या घोड्याला मात्र पट्टीआधी चालवून बघा. बहुतेकदा तेवढ्यानेच उतरतं.

जखम

इथे निवड तुमची नाही, डॉक्टरांची. तरी हाताशी काय ठेवायचं ते सांगतो: जखमेला न चिकटणारं ड्रेसिंग, त्यावर कापसाचा जाड थर, त्यावर क्रेप किंवा स्वतःलाच चिकटणारी पट्टी. ही चिकटणारी पट्टी फार सोयीची वाटते, आणि ती आवळली जाण्याचा धोकाही सगळ्यांत जास्त. रोलमधली ओढ आधी मोकळी करून मगच गुंडाळा. पुढच्या गुडघ्यामागे एक उंचवटा असतो आणि मागच्या पायाच्या ढोपराला, म्हणजे मधल्या सांध्याला, मागे टोक असतं. या दोन जागा पट्टीखाली दाबल्या तर तिथे नवीच जखम होते, म्हणून फेरे आठच्या आकड्यासारखे घेऊन त्या मोकळ्या ठेवाव्या लागतात. गुडघ्याखालच्या जखमेत मांस वाढून वर येण्याची खोड असते, त्यामुळे घरच्या घरी रेटत बसू नका. सांध्याजवळची जखम लहान दिसली तरी त्याच दिवशी दाखवा. धनुर्वाताची लस झाली आहे का, तेही बघा. घोडा या रोगाला फार लवकर बळी पडतो.

टेम्पो आणि वरात

सारंगखेड्याहून धुळे-मालेगाव करत घोडा नाशिकला आणायचा, तर गादीची पट्टी खुराच्या वरच्या कडेपर्यंत खाली घ्यावी लागते. गाडीत घोडा स्वतःचाच पाय तुडवतो तो तिथेच. प्रवासाचे उंच बूट बांधायला सोपे, पण ज्या घोड्याने ते कधी घातले नाहीत तो त्यात लाथा झाडतो. म्हणून आधी पागेत दोन-चार दिवस घालून चालवा. ते जमलं नसेल तर उघड्या पायाने आणा आणि गाडीच्या तळाला भरपूर भुसा किंवा वाळू टाका. पट्टी बांधली असेल तर वाटेतल्या प्रत्येक थांब्यावर हात लावून तपासा.

वरातीच्या घोडीला पट्टीचा उपयोग जवळजवळ नाही. डांबरावर नाचताना जो हादरा बसतो तो कुठल्याच पट्टीने थांबत नाही. घुंगरांचा पट्टा घासत असेल तर त्याच्याखाली मऊ कापड, तेही सैल. घरी आल्यावर घुंगरू आधी उतरवा, मग पाय धुऊन पुसून घ्या.

एक पाय अचानक गरम, सुजलेला आणि घोडा लंगडतोय, असं दिसलं तर वरचं सगळं बाजूला ठेवा. पट्टी न बांधता फोन करा. डॉक्टरांना पाय आहे तसा बघायला मिळाला पाहिजे.

आता खरेदी. आधी गाद्यांचा आणि पट्ट्यांचा एक संच, चारही पायांचा. काम सुरू झाल्यावर पुढच्या पायांचे बूट, तेही नळीची लांबी आणि घेर टेपने मोजून नेल्यावरच. दुकानदार ‘मीडियम बसेल’ म्हणाला तर माप पुन्हा दाखवा.