पायथनसोबत क्यूटी की जीटीके : मेमरीची मालकी कोणाकडे?

इंदूरमधल्या एका मराठी वाचनालयासाठी पुस्तकांच्या देवघेवीचा प्रोग्रॅम पायथनमध्ये लिहिताना मी आधी क्यूटी वापरून पाहिले, नंतर जीटीके (दोन्ही खिडक्या-बटणांचे प्रोग्रॅम बनवण्याची साधने). क्यूटीमध्ये पालक घटक (उदा. खिडकी) नष्ट झाला की त्याची अपत्येही (उदा. तिच्यातली बटणे) जातात, ही सी प्लस प्लससाठी सोयीची व्यवस्था आहे; पण पायथन आपले संदर्भ (वस्तूला धरून ठेवणारे दुवे; शेवटचा सुटला की वस्तू जाते) स्वतंत्रपणे मोजत असल्यामुळे एकाच वस्तूला दोन मालक होतात. ‘थकबाकी’ची खिडकी मी फंक्शनमधल्या स्थानिक चलात ठेवली, तिला पालक दिला नाही, आणि फंक्शन संपताच ती क्षणभर चमकून नाहीशी झाली. उलट, पालकासोबत नष्ट झालेल्या बटणाला पायथनमधून हात लावला, तर ‘रनटाइम एरर’ येते.

जीटीके मुख्य खिडक्यांचा एक संदर्भ स्वतःकडे राखते, म्हणून खिडकी अशी पळत नाही. मात्र बटणाच्या सिग्नलला (म्हणजे ते दाबल्याच्या सूचनेला) जोडलेले फंक्शन खिडकीलाच धरून बसले, तर संदर्भांचे चक्र तयार होऊन मेमरी मुकाट्याने अडकून राहू शकते. पहिला त्रास निदान लगेच दिसतो (ग्रंथपाल तर हाकच मारतात!), म्हणून वाचनालयात क्यूटीच राहिले, प्रत्येक खिडकी मात्र आता मी ‘सेल्फ’वर, म्हणजे फंक्शन संपल्यावरही टिकणाऱ्या वस्तूवर, साठवतो.