खून करणारी नायिका: गोष्ट तिनं सांगावी की तिच्या मैत्रिणीनं?

कुमारवयीनांसाठी अंधाऱ्या वळणाची कादंबरी लिहायची, नायिकेच्या हातून खून झालेला, आणि तरी तिला सरळ गुन्हेगार म्हणायला जीभ रेटत नाही, असं कथानक असेल तर निवेदक आधी ठरवा. उदाहरणाला नाशिकचीच मुलगी घेऊ. पंचवटीत राहते, अकरावीत शिकते. बहिणीला छळणारा माणूस पुराव्याअभावी सुटलाय. ऑगस्टमध्ये ती त्याला घाटावरून गंगेत, म्हणजे गोदावरीत, ढकलते.

तिच्या तोंडून: 'मी ढकललं. तो ओरडला नाही. चप्पल पायरीवर राहिली होती, तीही मी पायानं सारली.' तिसऱ्या वाक्यापर्यंत वाचक तिच्या बाजूचा असतो. चप्पल सारताना बघून चरकतो. ही चरक हवी असेल तर दुसरा निवेदक चालणार नाही.

मैत्रिणीच्या तोंडून: 'ती आली तेव्हा सलवार गुडघ्यापर्यंत ओली होती. दुपारपासून पाऊस नव्हता.' इथं प्रश्न 'तिनं केलं का' हा आहे. पहिल्या प्रकारात कृत्य माहीत असतं, मन उलगडत जातं. दुसऱ्यात कारण माहीत असतं आणि कृत्य लपलेलं असतं. तुमच्याकडे यातलं काय लपवण्यासारखं आहे, त्यावर निवड करा. दोन्ही लपवलंत तर पन्नासाव्या पानापर्यंत वाचकाला धरायला काही उरत नाही.

'मी'ची कादंबरी बहुतेक वेळा एकाच ठिकाणी पडते: मुलगी वकिली करू लागते. खुनाच्या प्रसंगानंतरची दोन पानं काढा आणि 'कारण', 'म्हणूनच', 'माझा नाइलाज होता' अशी वाक्यं खोडा. प्रसंग तरीही उभा राहत असेल तर ती वाक्यं परत घालू नका. शिवाय निरपराध माणसाला तिच्यामुळे इजा होते असा एक तरी प्रसंग हवा, आणि तो पहिल्या अर्ध्या भागातच. तो नसेल तर ती फक्त सूड घेणारी देवी होते आणि नैतिक पेच संपतो. मैत्रिणीच्या निवेदनात उलटा धोका असतो: मैत्रीण भारावते, प्रत्येक पानावर तिच्या डोळ्यांचं वर्णन करते. मैत्रिणीचंही काही पणाला लावा. ती पोलिसांशी एकदा खोटं बोलली, एवढंही पुरतं.

जागेचंही गणित निवेदकाप्रमाणे बदलतं. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला आणि दुतोंड्या मारुतीला (गोदाकाठची ही मूर्ती पुराची पातळी सांगते) पाणी लागलं की पूर बघायला सगळं गाव लोटतं. तिथं एकांतातला खून नाशिकचा वाचक मानणार नाही. 'मी' सांगत असेल तर प्रसंग विसर्ग वाढण्याआधीच्या पहाटे ठेवा. मैत्रीण सांगत असेल तर तीच गर्दी कामाची: तिला दोघं दिसतात, मग माणसं आड येतात, मग एकटीच दिसते.

कायद्यात तर फरक मोठाच. अल्पवयीन मुलीला कोठडीत टाकलेलं दाखवू नका. 24 तासांच्या आत तिला बाल न्याय मंडळापुढे हजर करतात. तिथं एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते असतात. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार गुन्ह्याच्या वेळी वय 16 पूर्ण असेल तर खुनासारख्या गुन्ह्यात मंडळ प्राथमिक मूल्यांकन करतं आणि खटला प्रौढासारखा चालवायला बाल न्यायालयाकडे जाऊ शकतो. त्याखाली असेल तर जास्तीत जास्त तीन वर्षं विशेष गृहात. म्हणजे वाढदिवस चार दिवस इकडेतिकडे केला तरी कादंबरीचा शेवट बदलतो. मंडळाचं कामकाज मैत्रिणीला बघायला मिळत नाही, आणि त्याच कायद्याच्या कलम 74 मुळे वर्तमानपत्रातही नायिकेचं नाव, शाळा, फोटो येत नाही. मैत्रीण निवेदक असेल तर उत्तरार्ध ऐकीव गोष्टींवर, भेटींवर, अफवांवर पेलावा लागतो.

पहिलीच कादंबरी असेल तर आमचा कौल नायिकेच्या बाजूनं. तरीही खुनाचं प्रकरण आधी दोन्ही आवाजांत लिहा, प्रत्येकी हजारेक शब्द. ज्या मसुद्यात तुम्हाला विशेषणं कमी लागली, तो पुढे न्या.