प्ले प्रोटेक्ट: फाटकावर कडक, घरात ढिलं

गूगलच्या प्ले प्रोटेक्टला, म्हणजे फोनमधली ॲप्स घातक आहेत का ते तपासणाऱ्या सोयीला, पाचपैकी तीन तारे. फुकट आहे, प्ले स्टोअर असलेल्या अँड्रॉइड फोनमध्ये आधीपासूनच असतं, आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या 'आरटीओ चलान' छापाच्या एपीके फायलींसाठी (स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फायली) कामाचं आहे. ब्राउझर, चॅट किंवा फाइल मॅनेजरमधून टाकलेलं ॲप एसएमएस, नोटिफिकेशन किंवा ॲक्सेसिबिलिटीची (स्क्रीन वाचून फोन चालवण्याची) परवानगी मागणारं असेल, तर ते बसूच देत नाही. भारतात ही सोय 2024च्या अखेरीस आली.

दोन तारे कापले ते जाहिरात-घोटाळ्याच्या ॲप्सपायी. ही ॲप्स बँक खात्याकडे बघत नाहीत. पडद्यामागे अदृश्य वेबव्ह्यू (ॲपच्या आतली ब्राउझरची खिडकी) उघडून जाहिराती लोड करतात, स्वतःच क्लिक मारतात. पैसे जाहिरातदाराचे जातात, डेटा आणि बॅटरी आपली. विरार फास्टमध्ये फोन खिशात पडून असतानाही गरम होतो, तेव्हा हेही तपासावं.

सप्टेंबर 2025मध्ये ह्यूमन या सुरक्षा कंपनीने उघडकीला आणलेलं स्लॉपॲड्स प्रकरण घ्या. प्ले स्टोअरवरची 224 ॲप्स, 3.8 कोटी डाउनलोड, आणि घोटाळ्याच्या ट्रॅफिकचा सुमारे 10 टक्के वाटा भारतातला. थेट स्टोअरमधून घेतलं की ॲप साळसूद वागायचं. टोळीच्या जाहिरातीवर क्लिक करून आलेल्याच्याच फोनवर ते चार पीएनजी चित्रं उतरवून घ्यायचं. त्या चित्रांत लपवलेले तुकडे जोडले की घोटाळ्याचं मॉड्यूल तयार. दाखवायचे दात वेगळे, खायचे वेगळे! तपासणाऱ्याने स्टोअरमधून ॲप उचललं तर त्याला पहिलेच दिसणार. गूगलने ती ॲप्स काढल्यावर प्ले प्रोटेक्ट इशारे देऊ लागलं. तोवर 'सगळं ठीक'ची हिरवी खूणच. आणि स्टोअरवरून ॲप काढलं म्हणजे आपल्या फोनमधून गेलं असं नाही, ते हाताने उडवावं लागतं.

तरी ते चालू ठेवाच. प्ले स्टोअर, प्रोफाइल फोटो, प्ले प्रोटेक्ट, मग गिअरचं चिन्ह. पहिलं, ॲप्स तपासणारं बटण चालू हवं. दुसरं, अनोळखी ॲप्स गूगलकडे धाडणारं, बाहेरून एपीके टाकणाऱ्यांच्या उपयोगाचं.

उरलेलं काम आपलं. सेटिंगमध्ये मोबाइल डेटा वापर उघडून ॲपवार बॅकग्राउंडचा आकडा बघा. टॉर्च किंवा वॉलपेपरच्या ॲपने बॅकग्राउंडला शेकडो एमबी खाल्ले, तर विचार न करता काढून टाका. वाय-फायचा आकडा वेगळा असतो, तोही बघा. घरी वाय-फायवर राहणाऱ्यांची फसगत इथेच होते. 'इतर ॲप्सवर दिसणे' ही परवानगी कुणाकुणाला दिली आहे तेही चाळा. अचानक पूर्ण स्क्रीनभर जाहिरात आली तर ती बंद करू नका: रीसेंट्स (नुकत्याच उघडलेल्या ॲप्सची यादी) उघडा, कार्डावरच्या आयकॉनला बोट लावा (काही फोनमध्ये कार्ड दाबून धरावं लागतं), ॲप इन्फोत खरं नाव सापडतं. होम स्क्रीनवर मात्र शोधत बसू नका. 2025मध्येच सापडलेल्या आयकॉनॲड्स या दुसऱ्या जाहिरात-घोटाळ्याची 352 ॲप्स आपला आयकॉनच गायब करायची; सेटिंगमधल्या 'सर्व ॲप्स'च्या यादीत बघावं.

मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात स्वस्त अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेणार असाल, तर पैसे देण्याआधी दुकानातच तो चालू करून प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'अबाउट'खाली तो गूगलने प्रमाणित केल्याची ओळ दिसते का बघा. बॅडबॉक्स 2.0 हा मालवेअर एक कोटीहून जास्त अप्रमाणित उपकरणांत शिरला होता, आणि अशा बॉक्समध्ये प्ले प्रोटेक्ट मुळात नसतंच.