नव्या भागातली क्राफ्ट बिअर: टॅपरूम की दुकानातले कॅन?

नव्या भागात राहायला गेल्यावर तिथल्या ब्रुअरी ओळखायच्या दोन वाटा आहेत: थेट टॅपरूममध्ये (ब्रुअरीची ताजी बिअर नळावरून मिळते ती जागा) बसणं किंवा दुकानातून कॅन घरी आणणं. सुरुवात टॅपरूमनेच करावी.

सुमारे 100 ते 120 मिलीच्या चार ग्लासांची फ्लाइट (चाखण्याचा संच) मागवा आणि हलक्याकडून जडाकडे जा: पिल्सनर (फिकट, हलकी), व्हीट (गव्हाची), आयपीए (कडवट), शेवटी स्टाउट (काळी, जड). आयपीए आधी घेतली तर तिच्या कडवटपणापुढे पिल्सनरची चव लागतच नाही. आणि ब्रुअरीची खरी परीक्षा पिल्सनरमध्येच होते. तिच्यात दोष लपायला जागा नसते. लोण्यासारखा वास आला तर ते बिअरमधलं एक रसायन, डायअ‍ॅसिटिल: आंबवण्याची प्रक्रिया घाईत उरकलेली असते किंवा पिंपातून बिअर आणणाऱ्या नळ्या अस्वच्छ असतात. नळ्या दर 14 दिवसांनी धुवायला हव्यात. शेवटच्या कधी धुतल्या, हे खुशाल विचारा. ग्लासच्या आतून बुडबुडे चिकटून राहिले असतील तर ग्लासही नीट धुतलेला नाही.

कॅनचा मोठा फायदा म्हणजे एकाच प्रकारच्या तीन ब्रुअरींच्या बिअर शेजारी ठेवून चाखता येतात. मात्र तळावरची भरल्याची तारीख पाहा. आयपीए शक्यतो 90 दिवसांच्या आतली घ्या, कारण हॉप्सचा, म्हणजे बिअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या फुलांचा, सुगंध सगळ्यात आधी विरतो. उघड्या फळीवरचा नको, फ्रिजमधलाच कॅन उचला. हिरव्या किंवा पारदर्शक बाटल्या उजेडात ठेवल्या असतील तर सोडून द्या. प्रकाशाने हॉप्समधले घटक बिघडून उग्र दर्प येतो. स्टाउट मात्र फ्रिजबाहेर थोडा वेळ ठेवा, 10 ते 13 अंशांना तिची चव खुलते.