शाळेतल्या इंटरनेट फिल्टरचा अनुभव : धडा अडतो, जाहिरात सुटते

मी साताऱ्याजवळच्या एका माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते आणि कॉम्प्युटर रूमही माझ्याकडेच आहे. गेल्या जूनमध्ये आमच्याकडे पैसे भरून घेतलेला वेब फिल्टर बसला. सॉफ्टवेअर परदेशी, विकणारे पुण्याचे. नाव घेत नाही, कारण ज्या शिक्षकांशी बोलले त्यांच्याकडे वेगवेगळ्या कंपन्यांचे फिल्टर आहेत आणि रड सगळ्यांची एकच आहे. येत्या वर्षी कुठली संस्था असं काही घ्यायच्या विचारात असेल, तर तिच्यासाठी हे लिहिते आहे.

फिल्टर हवा की नको, हा वाद माझ्या मनात नाही. हवाच. बारा-तेरा वर्षांचं पोर एक स्पेलिंग चुकलं तरी नको त्या पानावर जाऊन पोहोचतं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. या फिल्टरनं ते बंद केलं. फुकट गेम उतरवायच्या नादात मशीनमध्ये जे व्हायरस शिरायचे, तेही थांबले. बसवायला आलेल्या मुलानं काम मन लावून केलं, वायरी नीट बांधून गेला. एवढं श्रेय द्यायलाच हवं.

आता दहावीचं विज्ञान, भाग 2 घ्या. तिसरा धडा, सजीवांतील जीवनप्रक्रिया. यात प्रजनन आहे, ऋतुचक्र आहे, आयव्हीएफ, सरोगसी, वीर्यपेढी सगळं आहे. बालभारतीनं छापलेलं, बोर्डाच्या परीक्षेला येणारं. परागीभवनाची आकृती शोधायला मुलांना बसवलं, तर 'सेक्शुअल रिप्रॉडक्शन इन प्लांट्स' लिहिताच पान लाल, म्हणजे अडवलेलं. जास्वंदीच्या फुलाचा उभा छेद बघायचा होता हो. सरोगसी लाल, वीर्यपेढी तर विचारायलाच नको.

तेवढ्यानं मी चिडले असते आणि फळ्यावर आकृती काढून पुढे गेले असते. पण त्याच तासाला एका मुलीनं पाळी अनियमित का होते, असं इंग्रजीत शोधलं. मीच सांगितलं होतं, धड्याबाहेरचा एक तरी प्रश्न मनानं शोधा. स्क्रीनभर लाल रंग आला, वर हाताच्या पंजाचं चित्र, खाली 'ॲक्सेस डिनाइड, कॅटेगरी : ॲडल्ट', आणि त्याच्याखाली वापरणाऱ्याचं नाव आणि 'तुमच्या या कृतीची नोंद करण्यात आली आहे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ. शेजारच्या दोन मुलांनी वाकून पाहिलं. ती उठून उभीच राहिली. "मॅडम, मी काही वाईट नाही ओ बघितलं." मी जवळ जाऊन सांगितलं की तुझं काही चुकलेलं नाही, प्रश्न चांगला आहे, आणि उत्तर मीच देते. थायरॉइड, पीसीओडी, वजन, ताण, आणि पाळी सुरू झाल्यावर पहिली दोन-तीन वर्षं ती मागेपुढे होतेच, हे सगळं वर्गाला सांगितलं. पण ती नंतर तासभर खाली मान घालून बसली होती. घरी ज्या गोष्टीबद्दल मुली आईशीही धड बोलत नाहीत, ती शाळेत विचारायचं धाडस एकीनं केलं, आणि शाळेच्याच मशीननं तिला सगळ्यांदेखत सांगितलं की हे घाण आहे. याचा मला आजही संताप येतो. आठवड्याच्या रिपोर्टमध्ये तिचं नाव 'ॲडल्ट'च्या रकान्यात छापून मुख्याध्यापकांच्या टेबलावर गेलं. सर समंजस आहेत म्हणून विषय तिथेच थांबला. दुसऱ्या शाळेत पालकांना बोलावणं गेलं असतं.

इतिहासाच्या सरांचा अनुभव वेगळा, पण गत तीच. जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधली वाघनखं साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. सगळा सातारा बघायला लोटला होता, आमची मुलंही गेली. ही वाघनखं एकेकाळी सातारचा रेसिडेंट असलेल्या ग्रँट डफकडे होती, आणि अफजलखानाच्या वधाच्या वेळची हीच का, हे खात्रीनं ठरवता आलेलं नाही असं त्या म्युझियमनं स्वतःच नोंदवून ठेवलंय. सरांना यंदाच्या नववीला तेच मूळ पान वाचायला द्यायचं होतं. ऐकीव गोष्ट आणि नोंद यातला फरक मुलांना यापेक्षा चांगला कुठे दाखवता येईल? पान उघडलं नाही. 'कॅटेगरी : वेपन्स'. आपल्याच गावात काचेच्या पेटीत मांडलेली वस्तू मुलांनी रांगेत उभं राहून पाहिली, पण तिच्याबद्दल वाचायला मात्र बंदी.

कासच्या सहलीआधी फुलांचे फोटो दाखवायचे होते. सीतेची आसवं, दवबिंदू, कारवी. विकिपीडियाचं पान उघडतं, पण फोटोंच्या जागी रिकामे चौकोन, कारण विकिपीडियाचे फोटो ज्या वेगळ्या पत्त्यावरून येतात तो 'फाइल शेअरिंग'मध्ये टाकलाय. मराठी शिक्षकांचे ब्लॉग, जिथे स्वाध्याय आणि सरावपत्रिका मिळतात, ते 'वैयक्तिक ब्लॉग' म्हणून बंद. दहावीच्याच 'सामाजिक आरोग्य' धड्यात तंबाखूचे दुष्परिणाम आहेत. तोंडाच्या कर्करोगाची माहिती 'टोबॅको'खाली बंद.

हे असं का होतं, ते समजून घेतलं तर विकत घेताना उपयोग होईल. फिल्टरकडे साइटच्या नावांची एक मोठी यादी असते, कप्पे पाडलेली. त्यावर शब्दांची यादी. शब्द कुठल्या संदर्भात आला, हे ही यादी बघत नाही. हा रोग जुना आहे. 1996 मध्ये इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएल या अमेरिकी इंटरनेट कंपनीकडे खातं उघडता येईना, कारण गावाच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये मधली चार अक्षरं म्हणजे एक शिवी होते. या दोषाला आजही त्या गावाच्याच नावानं ओळखतात. एवढी वर्षं गेली, तरी आमच्याकडे एसेक्स परगण्याचा नकाशा अडतो.

शिवाय आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर आहेत, म्हणजे मजकूर कुलूपबंद होऊन येतो. त्यामुळे मध्ये बसलेल्या फिल्टरला साइटचं नाव कळतं, आतलं पान वाचता येत नाही. ते वाचता यावं म्हणून कंपनी प्रत्येक कॉम्प्युटरवर स्वतःचं सर्टिफिकेट टाकते, म्हणजे ते कुलूप मध्येच उघडायची फिल्टरला दिलेली परवानगी. आमच्या रूममध्ये ते आहे. संस्थाचालकांनी आणि क्लार्क मंडळींनी हे नीट लक्षात घ्यावं : असं सर्टिफिकेट असलेल्या मशीनवरून बँक, किंवा सरल आणि शालार्थ ही शाळेच्या माहितीची आणि पगाराची सरकारी पोर्टल उघडलीत, तर तुमचा पासवर्डसुद्धा फिल्टरला वाचता येऊ शकतो. ऑफिसच्या कॉम्प्युटरवर मी ते टाकू दिलं नाही.

आणि इतकं सगळं उघडून वाचणाऱ्या या फिल्टरला देवनागरी कळत नाही. शब्दांची यादी इंग्रजी आहे. मराठीत किंवा हिंदीत लिहिलेलं चावट पान, साइटचं नाव यादीत नसेल तर, बिनदिक्कत उघडतं. बातम्यांच्या साइटवर कडेला पैसे लावून खेळायच्या खेळांच्या जाहिराती येतात, त्याही दिसतात. आमची मुलं मराठीत शोधतात. त्यांना ज्यापासून वाचवायचं म्हणून पैसे भरले, ते त्यांच्याच भाषेत मोकळं आहे.

पण माझी खरी तक्रार पुढेच आहे. अडलेलं पान उघडायचा अधिकार शाळेत कुणालाच नाही. मला नाही, मुख्याध्यापकांना नाही. फोन केला की पलीकडचा मुलगा म्हणतो, "मॅडम, तिकीट रेज करा." तिकीट रेज करायचं, म्हणजे तक्रार नोंदवायची, पत्ता द्यायचा, कारण लिहायचं. उत्तर येईस्तोवर तो धडा संपून चाचणी झालेली असते. वाघनखांच्या पानाला 'धोरणानुसार नाकारले' असं उत्तर आलं. कोणाचं धोरण? आमच्या शाळेनं तर असं काही ठरवलं नव्हतं.

अमेरिकेत शाळांच्या फिल्टरसाठी 2000 साली कायदा झाला, आणि असली बरीच सॉफ्टवेअर त्या बाजारासाठी बनतात. तो कायदासुद्धा अश्लील चित्रं अडवा एवढंच सांगतो, मजकुराबद्दल नाही. आणि मोठ्या माणसाला अभ्यासासाठी गरज पडली तर जबाबदार व्यक्तीनं फिल्टर बंद करावा, अशी मुभा त्यात लिहिलेली आहे. जिथला हा माल आहे तिथे जे चालतं, ते साताऱ्यातल्या शिक्षकाला का नाही?

याचा परिणाम काय झालाय, तर आता प्रत्येक शिक्षक तासाला स्वतःच्या मोबाइलचा हॉटस्पॉट लावतो. त्यावर कसलाच फिल्टर नाही. शाळेनं पैसे मोजून जी भिंत बांधली, तिनंच वर्गाला उघड्यावर आणलंय.

लहान शाळांना मी सध्या एवढंच सुचवेन. क्लाउडफ्लेअर या इंटरनेट कंपनीची कुटुंबांसाठीची डीएनएस सेवा (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी) 2020 पासून फुकट आहे. राउटरमध्ये 1.1.1.3 आणि 1.0.0.3 हे दोन आकडे भरले की अश्लील आणि व्हायरसच्या साइट नावानिशी अडतात. नको ते निकाल गाळणारा गूगलचा सेफसर्च लॉक करता येतो, तसाच यूट्यूबचा रिस्ट्रिक्टेड मोडही. मी घरी हेच लावलंय. यातूनही काही निसटतं, कारण डीएनएसला फक्त साइटचं नाव दिसतं. पण कुणाच्या नावावर ठपका बसत नाही, आणि काही अडलंच तर राउटरचा पासवर्ड शिक्षकाकडे असतो.

पैसे देऊनच घ्यायचा असेल, तर डेमोला आलेल्या माणसापुढे दहावीचं विज्ञान भाग 2 ठेवा. तिसरा धडा काढा आणि त्यातला प्रत्येक ठळक शब्द त्याला मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे शोधायला लावा. मग विचारा, की हे अडलेलं पान मला, या खोलीतल्या शिक्षकाला, आत्ताच्या आत्ता उघडून दाखवता येईल का. 'वर विचारावं लागेल' असं म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा. आमच्या फिल्टरचं नूतनीकरण येत्या जूनमध्ये आहे. लाल पानांचे फोटो जोडून संस्थेला पत्र दिलंय, आणि त्या मुलीची नोंद रिपोर्टमधून काढून टाकावी अशी मागणी त्यात सगळ्यात वर आहे.